पुण्यातलं नाण्यांचं प्रदर्शन – आजीचा डबा घेऊन गेलो होतो (अनुभव आणि थोडे प्रश्न)

कराडचा_गडी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथले नाण्यांवरचे धागे नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या.

पुण्याला कॉइनेक्सला जाऊन आलो, कर्वे रोडवरचा सोनल हॉल. सोबत लेक, सातवीत आहे. ती प्रजासत्ताकची नाणी जमवते, म्हणजे सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह बघून लावते – हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. मी शिवराई जमवतो. जमवतो म्हणण्यापेक्षा घरात होत्या म्हणून सुरुवात झाली. आजीचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात ११ शिवराया, दोन राणीछाप रुपये, भोकाचे पैसे, ढब्बू पैसे आणि पावल्या-चवल्या. तो डबा उचलला आणि पहाटेची एसटी पकडली.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास काही सुधरतच नाही. टेबलं एकाला एक चिकटून, प्रत्येक टेबलावर मखमलीचे ट्रे, काही ठिकाणी नोटांचे अल्बम, तिकिटं, आणि मध्ये मध्ये ज्याला तिथे सगळे खुर्दा म्हणतात ते ढीग, त्यात हात घालून शोधायचं. लेक तिथेच बसली मांडी घालून. मी फिरत फिरत एका वयस्कर काकांच्या टेबलाशी थांबलो, त्यांच्याकडे एका ट्रेमध्ये पन्नास तरी दुदांडी शिवराया होत्या.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – मूळ शिवराई म्हणजे महाराजांच्या काळातली, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळेपासूनची, एका बाजूला तीन ओळींत "श्री / राजा / शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र / पति". पण ही नाणी महाराजांच्या नंतरही त्याच नावाने पाडत राहिले, पेशवाईत तर अमाप. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर छत्र आणि पति यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात म्हणून दुदांडी. आपल्या घराघरात सापडतात त्या बहुतेक याच. हे मी वाचलेलं होतं पण एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती, ती त्या ट्रेसमोर आली. छाप मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर येतच नाही. माझ्याकडच्या एकीवर "राजा" अर्धं आहे, एकीवर नुसतं "श्री" आणि खाली "व". लेकीने काकांना विचारून सात नाणी उचलून ओळीत लावली, एकीचा "रा" पुढच्या एकीचा "जा", आणि हळूहळू पूर्ण छाप डोळ्यासमोर उभा राहिला. घरी ११ नाण्यांत हे झालं नसतं. प्रदर्शनाला का जायचं याचं माझ्यापुरतं उत्तर तिथेच मिळालं, विकत घ्यायला नाही तर एका जागी पन्नास नाणी हातात घेऊन बघायला.

मग मी डबा उघडला. मला वाटलं काका किंमत सांगतील. त्यांनी विचारलं, कुठल्या? म्हटलं आजीच्या. ते म्हणाले, ते कळलं, आजीचं माहेर कुठलं, तिच्याकडे कशा आल्या, देव्हाऱ्यात होत्या की पेटीत? मला काहीच सांगता येईना. त्यांनी भिंग लावलं आणि एक शिवराई लेकीच्या हातात दिली, म्हणाले "श्री"च्या वेलांटीच्या खोबणीत बघ. तिथे लाल होतं. कुंकू. वर्षानुवर्षं साठून घट्ट बसलेलं. म्हणाले, ही पूजेतली आहे, टाचणीसुद्धा लावू नका.

आणि इथे मला जे सांगायचंय ते. त्या ११ पैकी चार मी पाच वर्षांपूर्वी दिवाळीला चिंच आणि मीठ लावून घासल्या होत्या. लखलखीत केल्या होत्या, फोटो काढून नातेवाईकांना पाठवले होते. काकांनी त्या चार नुसत्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, यांचं आता काही परत येत नाही. रागावले नाहीत. पण परतीच्या एसटीत मला तेच आठवत होतं, की त्या चारांतही कुंकू असणार आणि ते मी मोरीत सोडलं.

प्रश्न दोन. एक, अशा घरच्या नाण्यांची नोंद तुम्ही कशी ठेवता? दोन, उरलेल्या सातांना कशात ठेवू, सध्या प्लास्टिकच्या पाकिटात आहेत.

हातोडी_छाप:
आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण ते घाईचं आहे. पाकीट मऊ, पारदर्शक आणि वास येणारं असेल तर ते पीव्हीसी प्लास्टिक, आजच्या आज काढा. तांब्यावर चिकट हिरवं येतं आणि खात जातं. मायलारचे (पारदर्शक फिल्मची खिडकी असलेले) टू बाय टू होल्डर घ्या, प्रदर्शनात पुडकं मिळतं, नाहीतर साध्या आम्लविरहित कागदाची पाकिटंही चालतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात बदला. आणि नाणं धरायचं ते कडेला दोन बोटांत, खाली मऊ कापड. तुमच्या लेकीने ओळ लावली ते वाचून फार बरं वाटलं.

घासलेल्या चारांबद्दल, टाकू नका. त्या तशाच ठेवा. माझ्याकडे पण आहेत माझ्या वडिलांनी ब्रासोने पुसलेले रुपये. दर घरात आहेत.

आता प्रदर्शनात शिवराई घेताना काय बघायचं ते लिहून ठेवतो, नवीन लोक वाचतात. सध्या ओतीव नकला खूप आहेत, कारण महाराजांचं नाव आहे आणि भावना आहे. खिशातला छोटा वजनकाटा न्या, शे-दोनशे ग्रॅमवाला, कोणी वाईट मानत नाही, चांगला व्यापारी तर स्वतःच पुढे करतो. कड बघा. साच्यातल्या ओतीव नाण्याला कडेवर सांधा दिसतो किंवा कानस मारून घालवल्याच्या रेघा दिसतात. अक्षरांची कड साबणासारखी गुळगुळीत, आणि जमिनीवर म्हणजे अक्षरांच्या मधल्या सपाट जागेत बारीक बुडबुड्यांचे खड्डे. पण सगळ्यात सोपी खूण सांगतो – ट्रेमध्ये दोन नाणी अशी सापडली की ज्यांचा छाप सारखाच सरकलेला आहे, चकतीचा आकार पण तोच आणि ठोकर पण त्याच जागी, तर दोन्ही ठेवा खाली. हाताने हातोडी मारून पाडलेली दोन नाणी अशी जुळी असूच शकत नाहीत. ही खूण घरी एकटं नाणं घेऊन बसलात तर कधीच वापरता येणार नाही.

होन, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं, कोणी "घरातला आहे" म्हणून दाखवला तर बघा, नमस्कार करा आणि पुढे चला. सोन्याचे अस्सल होन अत्यंत मोजके आहेत.

गोदाकाठची:
किती सुंदर लिहिलंत. कुंकवाचं वाचून डोळ्यात पाणी आलं, माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यात पण दोन शिवराया आहेत आणि आम्ही दर श्रावणात त्या घासतो, आता बंद.

नोंदीच्या प्रश्नावर मला कळकळीने लिहायचंय. मी नाशिकची. आमच्याकडे त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय शाळेच्या सहलीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा जोगलटेंभीची गोष्ट ऐकली. नाशिकजवळचं गाव. १९०६ मध्ये तिथे एका जागी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी, सगळी क्षहरात वंशाच्या राजा नहपानाची. आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला, नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ते उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना गोल). खाली जुना राजा दिसतो, वर नवा. इकडे पांडवलेणीच्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री लिहिते की माझ्या मुलाने खखरात (म्हणजे क्षहरात) वंश निरवशेष केला. शिलालेख आईचा आहे, आई कौतुक करणारच, पण या नाण्यांनी ते खरं करून दाखवलं.

आता विचार करा, हाच साठा फुटून शंभर व्यापाऱ्यांकडे गेला असता तर? एकेक नाणं सुटं. "नहपान, छाप मारलेलं, चांदी." झालं. किती होती, किती न मारलेली होती, सोबत दुसऱ्या कोणाची नव्हती हे सगळं गेलं असतं. रेव्हरंड स्कॉट यांनी बसून मोजली म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

म्हणून मला प्रदर्शनात सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांचे ढीग बघितले की पोटात तुटतं. ती कुठल्या शेतातली, कुठल्या नदीकाठची, विचारलं तर "इकडचीच" एवढं उत्तर. मी अशी नाणी घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या आजीच्या शिवराईची नोंद तुम्ही आज केली नाहीत तर उद्या ती पण "इकडचीच" होईल.

पहिलंच_नाणं:
मस्त धागा, सगळं वाचून काढलं. माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आहे, इंटरनेटवर बघितलं की लाखाला जातं, एकाने व्हॉट्सॲपवर संपर्क पण केला, म्हणतोय आधी नोंदणीचे थोडे पैसे भरा मग खरेदीदार जोडून देतो, रिझर्व्ह बँकेचं पत्र पण पाठवलंय. प्रदर्शनात नेलं तर कोणी घेईल का?

हातोडी_छाप:
पैसे भरू नका!! एक रुपयाही नाही. ते पत्र खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही आणि असं कोणतंही शुल्क वा कमिशन ती मागत नाही, कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. त्या माणसाला ब्लॉक करा, आधीच काही भरलं असेल तर सायबर पोलिसांकडे जा, लाजू नका.

नाणं चलनातलं आहे, जपून ठेवा, आवड लागायला अगदी छान आहे. प्रदर्शनात नक्की या पण विकायला नाही, बघायला. किंमत कशी ठरते ते समोर दिसेल – दुर्मिळता, अवस्था आणि घेणारा, तिन्ही लागतात. १९३९ चा मुंबई टांकसाळीचा सहाव्या जॉर्जचा रुपया खरंच दुर्मिळ आहे, म्हणून त्याच्या नकला आणि साल कोरून बदललेले रुपयेही फिरतात. उलट राणीछाप रुपया जुना आहे पण भरपूर आहे, साध्या सालाचा असेल तर चांदीच्या भावाच्या आसपासच. जुनं म्हणजे महाग नाही हे एकदा डोक्यात बसलं की फसवणूक होत नाही.

हडसनपार:
न्यू जर्सीहून. आमच्या गावच्या घरी आजोबांच्या शिवराया आणि काही राणीछाप आहेत, या डिसेंबरात येतोय, मुलांना दाखवायला इकडे घेऊन येऊ का? हँडबॅगेत दोन-तीन नाणी, विकायची अजिबात नाहीत.

गोदाकाठची:
नका आणू हो दादा. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष धरतात आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, विकायचं असो की नसो, स्वतःच्या आजोबांचं असलं तरी. आणि शंभर वर्षांची ही रेषा दर वर्षी एक घर पुढे सरकते, म्हणजे १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया केव्हाच त्यात गेला. मुलांनाच इकडे घेऊन या ना. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, तिथे न्या, आणि आजोबांची नाणी गावच्या घरातच त्यांच्या हातात द्या.

कराडचा_गडी:
१९११ चा विषय निघाला म्हणून – लेकीने तो रुपया प्रदर्शनात भिंगातून बघितला! राजाच्या झग्यावर हत्ती कोरलाय पण सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसतो. लोक बिथरले, सरकारने नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. दोन्ही रुपये शेजारी ठेवून तिला दाखवले एका मावशींनी, त्या नाण्यांच्या व्यापारी आहेत, इतक्या प्रेमाने समजावत होत्या की बाजूचं गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्यांना फिकीर नाही.

मांडवीतीर:
गोव्यातल्यान सगळ्यांक नमस्कार. आमच्याकडच्या घरांत शिवराई कमी आणि रुपिया, तांगा ही पोर्तुगीज अमदानीतली नाणी जास्त. माझ्या आजीकडे पोर्तुगीज इंडियाची शेवटची नाणी आहेत, १९५८ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला ना, एका रुपियाला सहा एस्कुदो, आणि तीनच वर्षांनी १९६१ ला गोवा मुक्त. आजी सांगते की बाजारात बायका हिशेब रुपियातच करायच्या आणि हातात एस्कुदो. पुढे पुन्हा भारतीय रुपया. म्हणजे तिच्या चाळिशीच्या आत तिने तीन चलनं मोजली, त्यात आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान आलेलं होतं त्यामुळे आणे-पैंचा हिशेब इकडे आल्यावर उपयोगाचाच नाही!

हे मी आजपर्यंत कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. आजी ८९ ची आहे. हा धागा वाचून काल तिच्यापाशी बसले आणि फोनवर रेकॉर्ड केलं, प्रत्येक नाणं तिच्या हातात देऊन. एक नाणं हातात घेतल्यावर ती गप्पच झाली आणि मग म्हणाली हे भावाने दिलं होतं मुंबईला जाताना.

पेठेतला_दुकानदार:
मी तीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, गोदाकाठची ताई राग मानू नका. तुम्ही म्हणता सुटी नाणी घेऊ नका. पण गावातून माणूस तांब्याची, शिशाची नाणी घेऊन येतो तेव्हा आम्ही नाही घेतली तर ती मोडीवाल्याकडे जातात. वितळतात. मी स्वतः मोडीच्या पोत्यातून किलोच्या भावाने नाणी उचललीयेत, आणि त्यातली काही पुढे अभ्यासकांनी छापली. संग्राहकाने पैसे मोजले म्हणून ती वाचली. गावच्या माणसाला विचारलं कुठली तर तो घाबरून सांगत नाही, कारण त्याला वाटतं शेत जप्त होईल.

गोदाकाठची:
राग कसला काका, तुम्ही लिहिलंत म्हणून चांगलं झालं. मोडीतून वाचवलेल्या नाण्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ते पुण्याचंच काम. पण शेतात सापडलेल्या साठ्यासाठी १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, शेत जप्त होत नाही, हे त्या माणसाला कोणी सांगायचं? तुमच्याइतकं त्याच्या विश्वासातलं दुसरं कोण आहे? आणि समजा त्याने नाहीच ऐकलं, तरी निदान तालुका, नदी, किती होती, मडक्यात होती की सुटी एवढं चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत द्या. गावाचं नाव नको, माणसाचं नाव नको. पुढचा अभ्यासक तुमचे पाय धरेल.

पेठेतला_दुकानदार:
तालुका लिहायला हरकत नाही. खरं सांगायचं तर आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही, सगळे विचारतात किती कमी करणार. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर आम्ही लिहायला लागू. या वेळच्या मालापासून चिठ्ठी लावतो, बघू.

हातोडी_छाप:
हे फार महत्त्वाचं बोललात. मंडळी, पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक टेबलावर भाव विचारायच्या आधी "कुठलं?" विचारा. परवा मी एक क्षत्रप राजांचा द्रम्म, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, घेतला, शर्टाच्या बटणाएवढा, दोन ग्रॅम. पुढे राजाचा चेहरा, डोक्यामागे शकातलं साल, मागे ब्राह्मीत "राजा महाक्षत्रप अमक्याचा पुत्र राजा तमका". एवढ्याशा चांदीत बापाचं नाव, स्वतःचं नाव आणि साल! त्या लोकांनी सगळं लिहून ठेवलं होतं. कुठे सापडलं ते मात्र मला ज्याच्याकडून घेतलं त्याला माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आज लिहिताना लागलं मनाला.

कराडचा_गडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाकिटं बदलली, मायलारचे होल्डर आणले, सिलिका जेल टाकलं.

आणि आत्याला फोन केला. ८१ ची आहे, सगळं आठवतं तिला. आजीचं माहेर पाटणकडचं. डब्यातल्या ११ पैकी पाच आजीच्या आईने लग्नात ओटीत घातल्या होत्या, त्या पाच देव्हाऱ्यात असायच्या आणि दर दसऱ्याला त्यांना कुंकू लागायचं. बाकीच्या सहा आजोबांना भाताच्या व्यवहारात कधीतरी आलेल्या. भिंगाने सगळ्या परत बघितल्या, कुंकू तिघींत आहे. म्हणजे ओटीतल्या पाचपैकी दोन मी घासलेल्या चारांत आहेत, कुठल्या दोन ते आता कळायला मार्ग नाही. आत्याला तेही सांगितलं. ती म्हणाली, तू लिहून ठेव, घासलंस ते पण लिही.

लेकीने तिच्या अक्षरात चिठ्ठ्या केल्या, आम्लविरहित कागद आणि पेन्सिल, शाई पसरते म्हणून. दुकानदार काकांनी विचारलं म्हणून नव्हे पण कोणाला नमुना हवा असेल तर पहिली चिठ्ठी अशी आहे:

"शिवराई, दुदांडी. तांबं. ९.१ ग्रॅम. पुढे: श्री, रा (अर्धा), व. मागे: त्र, दोन रेघा, पति. 'श्री'च्या वेलांटीत कुंकू आहे, काढू नये. पणजीच्या आईने पणजीच्या ओटीत घातली, पाटण तालुका. देव्हाऱ्यात होती. सांगितलं: बाबांच्या आत्याने, फोनवर. कधीही घासलेली नाही."

आणि घासलेल्या चारांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ: "बाबांनी चिंच-मीठ लावून घासली. यांतल्या दोन ओटीतल्या आहेत."